केड्स कोव्हचे चर्च आणि त्याची दफनभूमी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतरांगेत केड्स कोव्ह नावाचे खोरे आहे. तिथले प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचे पांढरे लाकडी चर्च पर्यटकांच्या फोटोंत हमखास असते. इमारत १८८७ ची आहे. मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय, मात्र १८२७ मध्ये स्थापन झाली आणि १८३२ मध्ये तिने ओंडक्यांचे पहिले चर्च उभारले.

खोऱ्यातले पहिले कायमचे गोरे वसाहतकार जॉन ऑलिव्हर आणि त्यांची पत्नी याच दफनभूमीत आहेत. ते आले १८१८ मध्ये. ही जमीन चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून करारान्वये गेली ती १८१९ मध्ये, म्हणजे हे कुटुंब आले तेव्हा इथे राहण्याचा त्यांना कायदेशीर हक्कच नव्हता. तरी पहिल्या हिवाळ्यात चेरोकींनीच वाळवलेला भोपळा देऊन त्यांना जगवले, असे ऑलिव्हर घराण्यात सांगत आले आहेत.

मंडळीच्या इतिहासातले पहिले मोठे भांडण धर्मप्रसारावरून झाले, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोचतो. १८१२ मध्ये अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे निघाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथून झाली. त्यांच्याच जहाजावरचे ल्यूथर राइस कलकत्त्यात बॅप्टिस्ट झाले आणि परत जाऊन अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांकडून परदेशी मिशनसाठी वर्गणी गोळा करू लागले. डोंगराळ भागातल्या अनेक बॅप्टिस्टांना हे मुळीच रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे: कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे. मग मिशन मंडळे, वर्गण्या, रविवारच्या शाळा कशासाठी? बायबलमध्ये त्यांना आधार कुठे आहे? केड्स कोव्हच्या मंडळीने १८३९ मध्ये मिशनच्या बाजूच्या सभासदांना काढून टाकले. त्यांनी त्याच खोऱ्यात आपली वेगळी मिशनरी बॅप्टिस्ट मंडळी काढली.

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१–६५) काळ या गावाला फार कठीण गेला. टेनेसी राज्य फुटून निघालेल्या दक्षिणेकडे गेले, पण खोऱ्यातले बहुतेक लोक संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूचे होते. १८६२ ते १८६५ चर्च बंद राहिले. पुढे मंडळीने आपल्या वहीत त्याचा खुलासाच लिहून ठेवला: बंडाळीमुळे सभा भरल्या नाहीत, आम्ही संघराज्याचे आणि इथे बंडखोरांचे बळ फार, आमच्या उपदेशकालाही अधूनमधून परागंदा व्हावे लागे. एवढ्या लहान मंडळीला लोकांपुढे हिशेब मांडावासा वाटला, हे मला त्या इमारतीपेक्षा मोलाचे वाटते.

दफनभूमीतला सर्वांत बोलका दगड रसेल ग्रेगरी यांचा आहे. नॉर्थ कॅरोलायनातून येणाऱ्या टोळ्या गुरे आणि धान्य लुटून नेत. तरणी माणसे युद्धावर गेलेली, म्हणून १८६४ मध्ये वृद्ध ग्रेगरींनी उरलेल्यांना गोळा करून वाटेवर दबा धरला आणि टोळीला पळवून लावले. त्यांचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूने त्याच टोळीत होता आणि त्याने आवाजावरून बापाची बंदूक ओळखली, अशी कथा आहे. थोड्याच दिवसांनी टोळीवाल्यांनी रात्री येऊन ग्रेगरींना घरातच ठार केले. ‘नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी खून केला’ अशा अर्थाचा मजकूर थडग्यावर कोरला आहे. दगडावर इतका उघड आरोप सहसा दिसत नाही.

पुढचा घाव सरकारी होता. राष्ट्रीय उद्यानासाठी टेनेसीने १९२७ मध्ये सक्तीने जमीन घेण्याचा कायदा केला. पहिल्या जॉन ऑलिव्हर यांचे वंशज जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, हरले आणि १९३७ मध्ये खोरे सोडून गेले. या विस्थापनावर हळहळून पुष्कळ लिहिले जाते. त्याच खोऱ्यातून आधी गेलेल्या चेरोकींसाठी त्यात जेमतेम दोन ओळी असतात.

चर्चमध्ये उपासना १९६० च्या दशकापर्यंत चालू राहिली. उद्यानाने मात्र ओंडक्यांच्या जुन्या झोपड्या जपल्या आणि फळ्यांची नव्या धाटणीची बरीच घरे पाडली. त्यामुळे वस्ती उठली तेव्हा खोरे दिसत होते त्याहून आज ते कितीतरी जुने दिसते.