कोल्हापुरीचं पावसाशी का जमत नाही?

कोल्हापुरी पावसात घालू नये, हे घरोघरी सांगितलं जातं. त्याचं कारण चप्पल शिवण्यात नाही, कातडं कमावण्यात आहे.

कच्चं कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. ओलं राहिलं तर ते कुजतं, वाळलं तर तंतू चिकटून ताठ होतं. कोल्हापूर भागातला ढोर समाज पिढ्यान्‌पिढ्या ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावत आला. कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते आतून मुरू द्यायचं. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य तंतूंना धरून बसतं. कुजणं थांबतं, पण पाण्याची ओढ जात नाही. उन्हाळ्यात हेच कातडं तळव्याचा घाम पितं आणि चप्पल काढली की हवेत सोडून देतं. पावसात मात्र ते फुगतं, सुटं राहिलेलं टॅनिन धुऊन निघतं आणि पाय रंगतात.

न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये क्रोमच्या, म्हणजे क्रोमियम या धातूच्या, क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. निमित्त होतं बायकांच्या कॉर्सेटचं, म्हणजे कंबर आवळणाऱ्या घट्ट वस्त्राचं: त्यातल्या पोलादी पट्ट्यांवरचं तुरटी-मिठात कमावलेलं कातडं घामाने ओलावे आणि पोलाद गंजे. मद्रासमध्ये इंग्रज अभियंते आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोमचे प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर बुटांइतकीच विहिरीवरची मोटही होती. सतत भिजण्या-सुकण्याचा मारा क्रोमचं कातडं जास्त सोसतं. चांगलं कमावलेलं असेल तर ते उकळत्या पाण्यातही आकसत नाही. सालीचं ८० अंशांच्या आसपासच आकसतं.

तरी कोल्हापुरी सालीवरच राहिली, आणि ते योग्यच झालं. क्रोमच्या मऊ कातड्याला तो कणखर तळ जमणार नाही. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे आहेत. सोलापूर-विजापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कातडं आतली ओलही सोडतं आणि चिरतं, म्हणून तेल लावायचं. तीच चप्पल कोकणात नेली तर श्रावणात कपाटात बसूनही बुरशी धरते. हवेतली ओल तिला पुरते.

भिजलीच तर उन्हात टाकणं सर्वांत वाईट. पाणी झपाट्याने उडालं की तंतू चिकटतात आणि पट्टा वाकडा वाळतो. सावलीत, वाऱ्याला ठेवावी. वेळ लागतो, कारण घेतलेली ओल कातडं हातचं राखून सोडतं: हवेतला दमटपणा तेवढाच असला, तरी भिजून सुकणाऱ्या कातड्यात कोरड्यापासून ओलावलेल्या कातड्यापेक्षा जास्त पाणी उरतं.