मोर, गेओर्ग
(१ एप्रिल १६४०–२६ जानेवारी १६९७). डॅनिश भूमितिज्ञ. जन्म कोपनहेगन येथे. १६६२ च्या सुमारास ते हॉलंडला गेले. पुढे फ्रान्स व इंग्लंडमध्येही त्यांचे वास्तव्य झाले. १६७२ च्या डच-फ्रेंच युद्धात ते लढले व कैद झाले, असे म्हणतात.

त्यांचा ‘एउक्लिडेस डानिकुस’ हा ग्रंथ १६७२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे डॅनिश व डच अशा दोन्ही भाषांत निघाला. पट्टी व कंपास यांनी होणारी प्रत्येक रचना केवळ कंपासाने करता येते, हे त्यात दाखविले आहे. अर्थात कंपासाने रेघ ओढता येत नाही. दोन बिंदू मिळाले की त्यांतून जाणारी रेषा मिळाली, असे येथे मानावयाचे. मग प्रश्न उरतो तो छेदनबिंदूंचा. समजा, म केंद्र असलेले वर्तुळ रेषा अब ला कोठे छेदते हे शोधावयाचे आहे. अ आणि ब केंद्रे धरून म मधून जाणारी दोन वर्तुळे काढली, की ती म खेरीज न या बिंदूत मिळतात. न हे म चे रेषेपलीकडील प्रतिबिंब होय. न केंद्र व मूळ त्रिज्या घेऊन काढलेले वर्तुळ मूळ वर्तुळाला ज्या बिंदूंत छेदते, तेच इष्ट बिंदू. म रेषेवरच असेल, तर न मिळत नाही व कंस दुभागण्याची वेगळी युक्ती योजावी लागते. दोन रेषांचा छेदनबिंदू काढणे याहून बरेच किचकट आहे.

इटालियन गणिती लोरेन्झो मास्केरोनी यांनी हाच सिद्धांत १७९७ मध्ये मांडला व श्रेय त्यांच्याकडे गेले. त्यांनी मोर यांचा ग्रंथ पाहिला असल्याचा पुरावा नाही; तेव्हा शोध स्वतंत्र मानणेच योग्य. कोपनहेगनमधील एका पुस्तकविक्रेत्याकडे डॅनिश प्रत एका विद्यार्थ्याच्या हाती लागली आणि १९२८ मध्ये डॅनिश गणिती योहानेस येल्म्सलेव्ह यांनी ती जर्मन भाषांतरासह पुन्हा छापली. तेव्हापासून ‘मोर-मास्केरोनी सिद्धांत’ हे जोडनाव रूढ झाले.

१६७३ चे ‘कॉम्पेंडियम एउक्लिडिस कुरिओसी’ हे निनावी डच पुस्तकही मोर यांचेच असावे. त्यात पट्टी व एकाच मापाला उघडलेला कंपास वापरला आहे. जोसेफ मॉक्सन यांनी १६७७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

जर्मन गणिती लायप्निट्स यांनी १२ मे १६७६ च्या पत्रात, ज्या (साइन) व तिच्या व्यस्त फलाच्या (इन्व्हर्स साइन) श्रेढी (अनंत पदांच्या बेरजा) मोर यांच्याकडून समजल्याचे नमूद केले आहे. मोर यांना त्या लंडनच्या जॉन कॉलिन्स यांच्याकडून मिळाल्या होत्या. कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) शोध प्रथम कोणी लावला या न्यूटन-लायप्निट्स वादात हे पत्र पुढे महत्त्वाचे ठरले.

१६९५ मध्ये जर्मन गणिती चिर्नहाउस यांच्या निमंत्रणावरून मोर जर्मनीतील गॉर्लिट्सजवळील कीस्लिंग्सवाल्डे येथे गेले व तेथेच मरण पावले. डेन्मार्कमधील शालेय गणित स्पर्धेला त्यांचे नाव आहे.