आधी गाडी उलटी करून बघा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावरून डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू भरून केलेल्या खेळण्यातल्या गाड्या अजून निघतात. रंग उडालेला, एखादं चाक गेलेलं. ‘किती जुनी असेल हो?’ हा पहिला प्रश्न. बहुतेक जण रंगावरून किंवा खऱ्या गाडीच्या मॉडेलवरून अंदाज बांधतात आणि तिथंच फसतात. साल कळतं ते गाडीच्या पोटाखालच्या बेसवर आणि चाकांवर.

आपल्या भागात जुना कागद हाती आला की जाणती माणसं त्यावरचं राज्य बघतात. मुंबई राज्य असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, म्हैसूर असेल तर १९७३ पर्यंतचा, कर्नाटक असेल तर त्यानंतरचा. बेसवरची अक्षरंही अशीच वाचायची.

एकाच गाडीची इतकी व्हेरिएशन्स झाली कशी, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फाउंड्रीत काम केलेल्याला लगेच पटेल. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस छोटी मॉडेल्स काढली आणि १९३४ पासून त्यांना डिंकी टॉइज हे नाव दिलं. वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, भरायचा, ही रीत. डाय महागडी, म्हणून एकदा केली की ती वर्षानुवर्षं चालवायची. बॉडी तीच राहायची. बदलायचं ते स्वस्तातलं, म्हणजे चाकं, ॲक्सल, रंग, बेसवरचा मजकूर. त्यात जुना माल संपल्याशिवाय नवा लावायचा नाही, हा कुठल्याही कारखान्याचा हिशेब. त्यामुळे नव्या बेसला जुनी चाकं असे मधल्या काळातले नग तयार झाले. आज संग्राहक नेमके त्यांच्याच मागे असतात.

युद्धापूर्वीच्या डिंकीत एक वेगळीच खूण सापडते. त्या काळच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहिली की धातू आतून सडत जातो. बॉडी फुगते, तडे जातात, शेवटी भुगा होतो. म्हणून त्या वेळच्या धड गाड्या आज इतक्या थोड्या आहेत.

युद्धानंतरच्या डिंकीला क्रमांकाचा आधार आहे. १९५४ च्या सुमारास कंपनीने अक्षरवाले क्रमांक बदलून तीन आकडी केले. ऑस्टिन सॉमरसेट ४०-जे होती ती १६१ झाली. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीने कॉर्गी टॉइज काढल्या, त्याही खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावून. डिंकीला १९५८ मध्ये तेच करावं लागलं.

पण साल काढण्याचा खरा आनंद मॅचबॉक्समध्ये आहे, निदान मला तरी. मॅचबॉक्स काढणारी लेस्नी कंपनी १९४७ ची, या गाड्यांची १ ते ७५ क्रमांकांची मालिका १९५३ ची. गाडी आडवी धरून ॲक्सलचं टोक बघा. चिमटून चपटं केलेलं असेल तर बहुधा पन्नासच्या दशकातली. टोकाला गोल बोंड असेल तर नंतरची. चाकं आधी धातूची, मग करड्या प्लास्टिकची, मग काळी. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेलच्या हॉट व्हील्स आल्या आणि त्यांच्या वेगापुढे लेस्नीच्या गाड्या मंद वाटू लागल्या. १९६९ पासून लेस्नीने बारीक तारेच्या ॲक्सलवर सुपरफास्ट चाकं बसवली. काही मॉडेल्स दोन्ही चाकांत मिळतात ती यामुळे. १९८२ च्या जूनमध्ये लेस्नी बुडाली. त्यानंतर बेसवर इंग्लंडच्या जागी मकाव, पुढे चीन असं दिसू लागलं.

बेसवर कॉपीराइटच्या खुणेशेजारी साल असतं, त्यावर मात्र भरवसा ठेवू नका. ते डिझाइनचं साल आहे. तीच डाय पुढे वीस वर्षं चालली तरी आकडा तोच राहू शकतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय होतो तो निकी टॉइजवर. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर बंधनं होती, तेव्हा डिंकीच्या वापरलेल्या डाय कलकत्त्याला आल्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून अटॅमको कंपनीने त्यातून गाड्या काढल्या. बेसवरचं डिंकी हे नाव काढून तिथं निकी आलं. रंगाचा थर जाड, कडा थोड्या बोथट. लोक तिला ‘डुप्लिकेट’ म्हणून भंगारात देतात. पण ती जॅग्वार मार्क टेन असो की मर्सिडीज, डाय लिव्हरपूलचीच आहे. नक्कल नव्हे, त्याच डायचं ते पुढचं आयुष्य आहे. पुढे ऐंशीच्या दशकात भारतातली लिओ कंपनी आणि मॅटेल यांच्या भागीदारीतल्या हॉट व्हील्सच्या बेसवर इंडिया असं आलं. त्याही नीट बघून ठेवा.

बेळगावात चांगले स्प्रे पेंटर शोधावे लागत नाहीत, आणि तोच धोका आहे. माळ्यावरची गाडी हौसेने रंगवून घेतली की कोणत्या रंगात कोणती चाकं येत होती, हा दुवाच तुटतो. गाडी घेताना बेस बॉडीला जोडणारे रिव्हेट भिंगाखाली बघा. डोकी जशीच्या तशी असतील तर बेस त्याच गाडीचा धरायला हरकत नाही. ड्रिलने खरवडून चकचकीत झालेली, किंवा मागून स्क्रू मारलेला दिसला, तर तो बेस दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. मग त्यावर काहीही लिहिलेलं असो, साल ठरवायला तो उपयोगाचा नाही.