सिल्डेनाफिलचा इशारा आणि हृदयदोषाची मुले : पार्श्वभूमी

फुप्फुसांतील रक्तदाब उतरवणारे सिल्डेनाफिल हे औषध मुलांना लिहून देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2012 मध्ये दिला; त्याची ही पार्श्वभूमी. हृदयात मोठे छिद्र घेऊन जन्मलेल्या मुलाच्या फुप्फुसांतील रक्तदाबावर खरा उपाय म्हणजे छिद्र वेळेवर बुजवणे, आणि तो आजही तोच आहे. 1950च्या दशकात उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया साध्य झाली. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडाच्या सहा पायऱ्या 1958 मध्ये ठरवल्या गेल्या. वरच्या पायरीवर पोचलेल्या मुलाचे छिद्र बुजवले तर हृदयाच्या उजव्या बाजूला दाब मोकळा करण्याची उरलीसुरली वाटही बंद होते आणि मूल अधिकच खालावते. त्यानंतर कित्येक वर्षे खास या दाबावरचे औषध हाताशी नव्हते.

शस्त्रक्रिया नीट पार पडूनही पहिल्या काही रात्री धोक्याच्या असत. श्वासनलिकेतील नळीतून स्राव ओढून काढण्याचे निमित्त होई, फुप्फुसांतील दाब अंगातील दाबाच्या वर चढे, मूल काळेनिळे पडे आणि काही मिनिटांत हातचे जाई. 1990च्या दशकात नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासावाटे देता येऊ लागला आणि या झटक्यांना आवर बसला. मात्र वायू बंद करताच दाब पुन्हा उसळे. सोबत सिल्डेनाफिल दिल्यास ही उसळी टळते, हे दशकाच्या अखेरीस दिसले, आणि पुरुषांच्या वेगळ्याच तक्रारीसाठी 1998 मध्ये बाजारात आलेले हे औषध बालहृदयविभागांत रुळले. भारतात हा वायू महाग पडतो. त्यामुळे कुटून पाण्यात कालवलेली, सिरिंजने मोजून नाकातील नळीवाटे दिलेली ही गोळी अनेकदा मुख्य आधार ठरली.

ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 1 ते 17 वर्षांच्या मुलांना फुप्फुसांतील उच्च रक्तदाबासाठी हे औषध लिहून देऊ नये, असा इशारा दिला. दीर्घकालीन पाहणीत जास्त मात्रेच्या गटात अधिक मृत्यू आढळले, हा त्याचा आधार. युरोपात मात्र मुलांसाठी 2011 मध्येच दिलेली मान्यता कायम राहिली. शिफारशीपेक्षा जास्त मात्रा टाळावी, एवढेच तेथे बजावले गेले. पाहणी तीच, निष्कर्ष दोन. पाहणीच्या या दीर्घकालीन टप्प्यात तुलनेसाठी विनाऔषध गट नव्हता. शिवाय 37 मृत्यूंपैकी 28 मुलांचा आजार अज्ञात कारणाचा किंवा आनुवंशिक होता, म्हणजे हृदयदोषातून आलेला नव्हता. जास्त मात्रेची भीती निराधार नव्हती, परंतु मात्रेचा प्रश्न औषधाच्याच माथी मारला गेला आणि ज्या मुलांना या औषधाची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यावर अन्याय झाला, असे मला ठामपणे वाटते. असे औषध एकाएकी तोडणे हेही धोक्याचेच असते.

2014 मध्ये त्याच नियामकाने खुलासा केला की, इशारा म्हणजे मनाई नव्हे आणि लाभ-धोका पाहून डॉक्टरांनी निर्णय घ्यावा. दरम्यान 2017 मध्ये याच दाबावरील बोसेंटान या दुसऱ्या औषधाला तेथे मुलांसाठी मान्यता मिळाली, तर 2018 मध्ये या आजाराच्या निदानासाठी फुप्फुसांतील सरासरी दाबाची सीमा पाऱ्याच्या 25 वरून 20 मिलिमीटरवर आणण्याची शिफारस झाली. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मुलांसाठी मान्यता मिळाली ती 2023 मध्ये. 20 किलोपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीनदा 10 मिलिग्रॅम, ही त्यातील मात्रा युरोपने 2011 मध्येच ठरवलेली होती.