मुलावर अत्याचाराचा संशय आला तर: कोल्हापूर जिल्ह्यात तक्रार कुठे द्यायची, कोणते कागद लागतात

"पुरावा काय आहे तुमच्याकडं?" मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय कोणी बोलून दाखवला की घरातलं नाहीतर गल्लीतलं कोणीतरी हे विचारतंच, आणि तक्रार तिथंच अडते. पुरावा शोधणं हे पोलिसांचं काम आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असली किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी कळवायला तेवढं पुरे.

पात्रतेची अट जवळपास नाहीच. आईवडील, शेजारी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, खुद्द मूल, कोणीही तक्रार देऊ शकतं. मूल म्हणजे 18 वर्षांखालचं, मुलगी किंवा मुलगा. मुलग्यांचंही हे आजही मुद्दाम सांगावं लागतं. मोठ्या माणसानं माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा असून त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखानं कळवलं नाही, तर 1 वर्षापर्यंत. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून बैठकीत मिटवणारे नेमकं हेच विसरतात. उलट, चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

तक्रारीसाठी 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो. तातडी असेल तर 112. नाहीतर थेट पोलीस ठाणं गाठा. हद्दीचा प्रश्न काढला गेला तर 'झिरो एफआयआर', म्हणजे हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात घेतली जाणारी तक्रार, नोंदवायला सांगा. आपल्याकडं हे विशेष लक्षात ठेवावं, कारण हंगामात शिरोळ, कागलच्या फडांवर बाहेरच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड टोळ्या असतात. घटना इथं घडली आणि कुटुंब गावी परतलं, तरी तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. तपासणीसाठी कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय आहे, आणि त्यासाठी एफआयआर आधी नोंदलेली असण्याची गरज नाही. एक सूचना मात्र कळकळीची: शक्य असेल तर तपासणीआधी मुलाला अंघोळ घालू नका, त्या वेळचे कपडे धुऊ नका.

कागदांमध्ये वयाचा दाखला महत्त्वाचा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तर वैद्यकीय चाचणीनं वय ठरवतात. म्हणजे दाखला नाही म्हणून तक्रार थांबत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. अत्याचारग्रस्तांसाठीच्या सरकारी 'मनोधैर्य' योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जाताना ती लागेल. सोबत ओळखपत्र आणि बँक पासबुकही ठेवा.

मारहाण, उपाशी ठेवणं, राबवून घेणं असं असेल तर पोक्सो नव्हे, बाल न्याय कायद्याचं कलम 75 लागू शकतं. फोन नंबर तोच, 1098.

पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही, तर तोच मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करायची वेळ आली, तर ती उपयोगी पडते.