नृत्योपचार (गोव्याच्या संदर्भात)

शरीराच्या हालचालींतून मनातले भय, संकोच आणि स्वतःविषयीची नावड हाताळण्याची मानसोपचार पद्धत. ‘डान्स मूव्हमेंट थेरपी’ या नावाने ती अधिक ओळखली जाते. नाचता येणे ही अट नाही. पुष्कळदा सुरुवात खुर्चीत बसून श्वासाकडे लक्ष देण्यापासून होते.

अमेरिकी नर्तकी मारियन चेस यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात हे काम सुरू केले. बोलणे सोडून दिलेल्या रुग्णासमोर उभे राहून त्या त्याचीच हालचाल त्याच लयीत करत. ही नक्कल नव्हे. ‘तू दिसतोस’ हे न बोलता सांगणे होते. अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन १९६६ मध्ये स्थापन झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. याच क्षेत्रातल्या अमेरिकी नर्तकी मेरी व्हाइटहाउस यांच्या पद्धतीत एक जण डोळे मिटून आतून येईल तसा हलतो आणि दुसरा निवाडा न करता नुसता पाहतो. आत्मस्वीकाराची वाट इथूनच जाते: आपले बेढब, अडखळणारे अंग कुणीतरी पाहिले आणि हसले नाही, हा अनुभव उपदेशाने येत नाही.

भीती अंगात राहते हे मराठीला नवे नाही. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, माणूस अंग चोरून बसतो. उपचारक नेमके हे चोरलेले अंग थोडे थोडे मोकळे करवतो: आधी बोटे, मग खांदे, मग खोलीभर चालणे. झेपेल तेवढेच, आणि थांबण्याची मुभा कायम.

गोव्यात या शब्दाभोवती बराच गोंधळ आहे. हणजूण, हरमल भागातल्या मुक्तनृत्याच्या बैठकांनाही सर्रास ‘थेरपी’ म्हटले जाते. त्यांत मन हलके होत असेलही. पण प्रशिक्षित उपचारक, ठरलेले उद्दिष्ट आणि पाठपुरावा नसेल तर तो उपचार नव्हे. तीव्र भयविकारात आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे; त्यासाठी बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे.

गावच्या धालो या बायकांच्या नाच-गाण्याशी मात्र या पद्धतीचे दूरचे नाते दिसते. पौषातल्या चांदण्या रात्री जेवणे आटोपल्यावर मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर, बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींना धरून वाकत पुढे-मागे होतात आणि कोकणी-मराठी गीते गातात. शेवटच्या दिवशी सोंगेही निघतात, पुरुषाचीसुद्धा. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी सूनही रांगेत सामावते, कारण तिथे एकटीवर नजर नसते. तरीही धालो हा विधी आहे; त्याला उपचार म्हणणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल.

परिणामांचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या नैराश्यावरील २०१५ च्या आढाव्यात अवघ्या ३ चाचण्या आणि १४७ सहभागी होते. त्यावरून ठाम निष्कर्ष निघाला नाही.