व्हायझर, ट्रकच्या खिडकीचा

ट्रकच्या दाराच्या चौकटीवर, खिडकीच्या वरच्या आणि पुढच्या कडेला बसवलेली बाकदार प्लास्टिकची पट्टी. काच दोन बोटे खाली घेतली तरी पावसाचा सपकारा आत येऊ नये आणि फटीतून हवा खेळती राहावी, हा तिचा उपयोग. बाजारात ती डोअर व्हायझर किंवा रेन गार्ड या नावांनी मिळते. समोरच्या काचेवर बाहेरून बसणारा सन व्हायझर निराळा. त्याचा विचार येथे नाही.

उगम : हा दोन प्रकारे सांगितला जातो. एका मांडणीनुसार व्हायझर हा दाराच्या पुढच्या भागातील तिकोनी काचेचा वारस. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३३ च्या मोटारींत आसाभोवती फिरणारी ही काच आणली. वारा अंगावर न घेता कोंदट हवा बाहेर काढणे हा तिचा हेतू होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅशबोर्डमधून हवा देणारी रचना आणि वातानुकूलन रुळले, तशी ही काच अमेरिकी मोटारींतून मागे पडली आणि तिची उणीव व्हायझरने भरून काढली, असे हे मत. दुसऱ्या मांडणीत दोन्ही वस्तू समकालीन ठरतात. या व्यवसायातील जुनी अमेरिकी कंपनी ऑटो व्हेंटशेड आपला आरंभ १९३५ चा सांगते. कंपन्यांनी स्वतःच्या वयाबद्दल सांगितलेले जपूनच घ्यावे. पण हे साल दहा-वीस वर्षांनी अलीकडे ओढले तरी ते तिकोनी काच जाण्याआधीचेच राहते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

धुरकट पारदर्शक पट्टीचा काळ मात्र वेगळा लावावा लागतो. ती अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. अ‍ॅक्रिलिक १९३० च्या दशकात जर्मनी व ब्रिटनमध्ये व्यापारी उत्पादनात आले. पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये बायर कंपनीतील हेर्मान श्नेल यांनी आणि त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. आजच्या स्वरूपाचा व्हायझर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असावा.

कार्य : गाडी वेगात असताना समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाला वळसा घालून जाणारी हवा खिडकीपाशी दारापासून सुटते आणि तेथे दाब कमी होतो. व्हायझरआडच्या फटीतून आतली हवा त्या कमी दाबाकडे ओढली जाते. गाडी उभी असताना हा परिणाम नसतो. तेव्हा तापून वर चढलेली हवा त्याच फटीतून निघून जाते, इतकेच. चपट्या तोंडाच्या ट्रकमध्ये कोपऱ्यांवर हवा अधिक जोराने सुटते. काही मोठ्या ट्रकना कोपऱ्यांवर उभी पाती दिलेली असतात, ती दारावर व आरशावर चिखल उडू नये म्हणून. त्यांना व्हायझर समजण्याची चूक होते.

नागपुरातील वापर : माहितीपत्रकांत पाऊस आधी आणि ऊन नंतर येते. नागपूरपुरता हा क्रम उलटा लावणे योग्य. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग (क्र. ४४) आणि हजिरा-पारादीप महामार्ग (क्र. ५३) येथे एकमेकांना छेदतात. वाडी आणि कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरात, तसेच कळमना बाजाराबाहेर, ट्रक धावण्याइतकेच उभेही असतात. शहराचे नोंदलेले सर्वोच्च तापमान ४७.९ अंश सेल्सिअस आहे, २३ मे २०१३ चे. (३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, पण तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने सांगितले, तो आकडा धरू नये.) माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेर ४४-४५ अंश असताना पूर्ण उघड्या खिडकीतून येणारा वारा अंग निववत नाही, उलट तापवतो. म्हणूनच नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चालक तोंडाला ओला दुपट्टा बांधून काच जवळजवळ बंद ठेवतो. कोंडलेली हवा निघावी, पण लू अंगावर येऊ नये, या गरजेला व्हायझरआडची अरुंद फट नेमकी उपयोगी पडते.

निवड : व्हायझर दाराच्या साच्याप्रमाणे येतो. एकाच नावाच्या गाडीची कॅबिन पिढीगणिक बदलत असल्याने मॉडेलसोबत उत्पादनाचे वर्षही सांगावे लागते. चासी घेऊन कॅबिन स्थानिक कारागिराकडून बांधून घेतली असेल तर तयार साचा सहसा लागत नाही.

अ‍ॅक्रिलिक उन्हाने लवकर पिवळे पडत नाही, पण ठिसूळ असते. दार आपटले, फांदी लागली की तडकते. सुमारे १०५ अंशांना ते मऊ पडू लागते. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंशांपर्यंत टिकते आणि सहसा फुटत नाही, मात्र अतिनील किरणांविरुद्ध लेप नसेल तर पिवळे होते. विदर्भातील उन्हात लेपाचे पॉलिकार्बोनेट श्रेयस्कर. लेपाची खात्री नसेल तर अ‍ॅक्रिलिक बरे. रंग फिका धुरकट घ्यावा. गडद पट्टीचे पुढचे टोक चालकाच्या आरशाकडे जाणाऱ्या नजरेत येते, आणि रात्री हा अडथळा अधिक जाणवतो. क्रोमची किनार शोभेपुरती.

बसवणी : दोन पद्धती आहेत. एकीत पट्टी काचेच्या रबरी खाचेत सरकवतात. दुसरीत दाराच्या चौकटीवर बाहेरून फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने लावतात. खाचेतल्या प्रकारात काच जड चालते, आणि वर चढताना अडथळा जाणवला की खाली येणाऱ्या स्वयंचलित काचा मध्येच परततात. ट्रकसाठी बाहेरून चिकटवणेच सोयीचे.

येथे प्रसरणाचा प्रश्न येतो. अ‍ॅक्रिलिक पोलादाच्या सुमारे सहापट पसरते. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी तापलेल्या पृष्ठाचे ६५ अंश धरले, तर ८० सेंटिमीटर लांबीची पट्टी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. दाराचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने. हा अडीच मिलिमीटरचा फरक फोमला सोसावा लागतो. असा फोम आपल्या जाडीच्या साधारण तिप्पट सरक सहन करतो, असा उत्पादकांचा संकेत आहे. १.१ मिलिमीटर जाडीची चिकटपट्टी म्हणून पुरते, ०.८ मिलिमीटरची काठावर येते. टोकांकडून सुटणारे व्हायझर पुष्कळदा पातळ चिकटपट्टीचे असतात, आणि दोष मात्र डिंकाला दिला जातो.

चौकट साबणाने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन पुसतात. डिझेलची ओशट साय आणि सिलिकॉनयुक्त पॉलिश राहिले तर काहीच टिकत नाही. आधी कोरडा व्हायझर लावून जागा खुणावतात, मग कागद थोडा सोलून, टेकवून, उरलेला ओढत संपूर्ण लांबीभर दाबतात. पृष्ठ २१ ते ३८ अंशांदरम्यान असावे. त्यामुळे मे महिन्यात हे काम सकाळी सावलीत आणि जानेवारीत दुपारी करावे. तापलेल्या पत्र्यावर चिकटपट्टी टेकताक्षणी धरते, मग सरळ करता येत नाही. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. हमरस्त्यावर काढण्यापूर्वी निदान एक दिवस थांबलेले बरे.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जावा असे सांगतो. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचेवरील काळ्या फिल्मना मनाई केली. व्हायझर काचेला चिकटत नसल्याने त्या निकालाचा रोख त्यावर दिसत नाही.

वातानुकूलित कॅबिन : डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या कॅबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक केले. इंजिन बंद करून माल उतरण्याची वाट पाहताना ते चालत नाही, तेव्हा फटीची गरज नव्या ट्रकमध्येही उरते.

काढणी : जुना व्हायझर ओढून काढू नये, रंग सोलला जातो. चिकटपट्टी गरम हवेने ऊबदार करून मागून नायलॉनची दोरी करवतीसारखी फिरवतात. उरलेला फोम अंगठ्याने गोळा होतो.